घडीची करवत कशी निवडावी? गोव्यातल्या कुळागरवाल्यांचे आणि परसबागवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काजूचा हंगाम आटोपला की सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण अशा सगळ्या भागांतल्या कुळागरांतून (माड-पोफळीच्या बागायतींतून) आणि परसबागांतून एकच विचारणा होते: फांद्या छाटायला लहानशी, खिशात मावणारी करवत कुठली घ्यावी? प्रश्न साधा वाटतो, पण चुकीची करवत आणि चुकीचा काप यामुळे आपल्याकडची चांगली झाडं आतून पोखरली जातात. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. घाई असेल तर निदान "फांदी नेमकी कुठे कापायची" हा प्रश्न तरी पूर्ण वाचा.

घरात धारदार कोयता असताना करवत कशाला हवी?

कोयत्याला पर्याय नाही अशी कामं खूप आहेत. माडाची झावळी तोडणं, झुडपं साफ करणं, शहाळं सोलणं, यांत करवत कोयत्याच्या जवळपासही येत नाही. पण जिवंत झाडाची मनगटाएवढी फांदी कोयत्याने तोडली, की एका घावात ती तुटत नाही. तीन-चार घाव तिरके बसतात, लाकडाच्या ढलप्या उडतात, आणि शेवटी फांदी आपल्याच वजनाने खाली कोसळताना खोडाची साल लांबवर सोलून नेते. झाडावर उरते ती चिरफळलेली, खाचाखाचांची जखम.

कोरड्या प्रदेशात अशी जखम कदाचित निभावून जाईल. आपल्याकडे निभावत नाही. पणजीतच वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाचांमध्ये पाणी साचतं, बुरशी धरते, आणि दोन-तीन वर्षांनी त्या जागी झाड पोकळ झालेलं दिसतं. करवतीचा काप सपाट असतो. त्यावरून पाणी निथळतं आणि कडेची साल चारही बाजूंनी सरकत येऊन जखम झाकू शकते.

दुसरं कारण माणसाचं. शिडीवर उभं राहून कोयता भिरकावणं म्हणजे तोल, धार आणि उंची या तिन्हींशी एकदम झुंजणं. करवत शांतपणे ओढता येते.

ऑनलाइन शोधलं की "हंटिंग सॉ" नावाच्या करवती दिसतात. त्या घ्याव्यात का?

हे नाव परदेशातल्या बाजारपेठेसाठी आहे. तिथे परवाना काढून शिकार करणारे लोक मचाणासमोरच्या आडव्या येणाऱ्या डहाळ्या कापायला आणि शिकारीची हाडं चिरायला घडीची करवत जवळ ठेवतात. हाडांसाठीच्या पात्याचे दाते फार बारीक असतात. ओल्या लाकडात असं पातं दोन-चार ओढींत भुशाने भरतं आणि नुसतं घासत राहतं. म्हणजे कामाच्या दृष्टीनेही ती आपल्या उपयोगाची नाही. याच नावाखाली जाड दात्यांचं, लाकडासाठीचं पातं असेल तर ती साधी छाटणीचीच करवत आहे, बिनधास्त घ्या. नाव सोडा आणि दाते बघा.

शिकारीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण शिकार चालते का, हा प्रश्न काहीजण खरोखरच विचारतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. फास लावणं, सापळ्यात पकडणं, तसा प्रयत्न करणं हेही त्यातच येतं. रानडुकरं एका रात्रीत कंदमुळं उकरून टाकतात, माकडं नारळ आणि केळी नासवतात, गवे बागायतीत घुसतात. वर्षभराची मेहनत अशी मातीत जाताना बघणं काय असतं हे कुळागर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही त्यावर उपाय कुंपण, राखण आणि वन खात्याकडे नुकसानीची रीतसर तक्रार, हाच. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्याच्या हद्दीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे बछडे विषाने मेले. एकूण चार वाघ. ती आठवण अजून ताजी आहे, आणि तसं पुन्हा कोणत्याही कारणाने होऊ नये.

पात्याची लांबी किती असावी?

एक ठोकताळा लक्षात ठेवा: पातं फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब हवं. फांदी 10 सेंटिमीटर जाड असेल तर पातं 20 सेंटिमीटरचं. त्यापेक्षा आखूड असेल तर ओढीला लांबी मिळत नाही, भुसा कापाबाहेर पडत नाही आणि पातं अडकतं.

गोव्यातल्या घरगुती बागेसाठी आणि मध्यम कुळागरासाठी 18 ते 24 सेंटिमीटरच्या मधलं पातं योग्य. मी कुणालाही पहिली करवत म्हणून साधारण 21 सेंटिमीटरची सुचवतो. घडी केल्यावर ती पँटच्या मागच्या खिशात किंवा कमरेच्या पट्ट्याला राहते आणि काजूच्या जाड फांदीलाही पुरते. 13 सेंटिमीटरच्या छोट्या करवती सुबक दिसतात, पण त्या कुंड्यांना, गुलाबाला आणि जास्वंदीला ठीक.

बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक डहाळीला करवत लावूच नका. डहाळी थरथरते, साल फाटते. तिथे छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर हवी. आणि मांडीएवढ्या फांदीला घडीची करवत लावून तासभर घाम गाळण्यातही अर्थ नाही. तिथे कमानी करवत किंवा चेन-सॉ चालवणारा सराईत माणूस बोलवा.

दाते जाड घ्यावेत की बारीक?

ओलं, जिवंत लाकूड कापायचं असेल तर जाड. एका इंचात 5 ते 7 दाते ही त्याची साधारण मोजणी. वाळकं, कठीण लाकूड किंवा बांबू असेल तर इंचाला 8 ते 10 किंवा त्याहून बारीक. वेष्टनावर हा आकडा नसेल तर पट्टी ठेवून मोजा, दुकानदार काही म्हणत नाही.

आपल्याकडे बहुतेक छाटणी ओल्या लाकडाची असते आणि त्यात काजू, आंबा, फणस ही चिकाची झाडं. बारीक दात्यांत चीक आणि भुसा मिळून लगदा बसतो. एकच करवत घ्यायची तर इंचाला सातच्या आसपास दाते असलेली घ्या, ती दोन्ही बाजूंना निभावते.

दात्यांचा आकारही पाहा. जपानी धाटणीच्या दात्यांना तीन बाजूंनी धार असते आणि काप गुळगुळीत येतो. सुताराच्या करवतीसारखे डावी-उजवीकडे वाकवलेले दाते रुंद खाच पाडतात. काम होतं, पण काप खरखरीत राहतो.

पातं सरळ की वाकडं?

डोक्याच्या वर हात करून छाटणार असाल तर वाकडं. ओढताना ते आपोआप लाकडात रुततं, जोर कमी लागतो. छातीच्या उंचीवर, नीट बघून, दाटीतून एकच फांदी नेमकी काढायची असेल तर सरळ. नवख्या हातालाही सरळ पातं लवकर आवरतं.

खटका आणि मूठ यांत काय तपासायचं?

याच एका बाबतीत स्वस्त वस्तू धोक्याची ठरते. घडीच्या करवतीचा खटका काम चालू असताना सुटला तर पातं बोटांवर मिटतं, आणि दात्यांची जखम चाकूच्या जखमेसारखी सरळ नसते, ती फाटते आणि भरायला वेळ लागतो.

दुकानात करवत उघडा, खटका लागल्याचा आवाज ऐका, मग पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून बघा. सांध्यात किंचितही डगडग असेल तर ठेवून द्या. सांध्याचा स्क्रू पेचकसाने आवळता येतो ना, तेही बघा. वापराने तो ढिला होतोच. खटका मिटलेल्या स्थितीतही लागत असेल तर फार चांगलं, कारण मग खिशात किंवा स्कूटरच्या डिकीत पातं आपोआप उघडत नाही.

मुठीला रबराचं आवरण असावं. मे महिन्यात तळव्याला घाम सुटतो आणि जूनमध्ये सगळंच ओलं असतं, तेव्हा गुळगुळीत प्लॅस्टिक किंवा पॉलिश केलेलं लाकूड निसटतं. रंग भडक घ्या. नारिंगी किंवा लाल मूठ पाचोळ्यात पडली तरी सापडते, हिरवी सापडत नाही.

स्टेनलेस स्टीलचं पातं घेतलं तर गंजाची कटकट मिटेल ना?

मिटेल, पण धार लवकर जाईल. चांगल्या करवती बहुधा जास्त कार्बन असलेल्या पोलादाच्या असतात. पात्यावर किंवा वेष्टनावर एसके-5 असं लिहिलेलं दिसतं, तो असाच एक जपानी प्रकार आहे, त्यात साधारण 0.8 ते 0.9 टक्के कार्बन असतो. हे पोलाद कडक होतं, धार धरतं आणि दुर्लक्ष केलं तर गंजतं. अशा पात्यावर क्रोमचा मुलामा किंवा काळा लेप असलेली करवत आपल्या हवेला बरी. समुद्राकाठी, कळंगुट, बाणावली, पाळोळे अशा ठिकाणी राहत असाल तर मुलाम्याशिवाय घेऊच नका.

कुठल्या कंपनीची घ्यावी?

जपानच्या ह्योगो प्रांतातल्या ओनो शहरात बनणारी सिल्की आणि मूळची स्वीडनची बाको या दोन नावांबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, आणि त्यांचा लौकिक खरा आहे. सिल्कीची गोमबॉय ही 24 सेंटिमीटरची करवत वेगवेगळ्या दात्यांत मिळते आणि तिचं पातं मुठीशी दोन कोनांत अडकवता येतं. बाकोच्या लॅपलँडरचं पातं 19 सेंटिमीटरचं, इंचाला 7 दाते, आणि खटका उघड-मीट दोन्हींत लागतो. छाटणी हे तुमचं दर वर्षाचं काम असेल तर यांतली एखादी घेणं परवडतं.

वर्षातून दोनदा अंगणातला आंबा छाटणाऱ्याने मात्र हजारो रुपये घालवायची गरज नाही. भारतीय बनावटीच्या, काही शे रुपयांच्या करवतीही नीट निवडल्या तर काम देतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन हातात घेऊन घ्या. ऑनलाइन घेताना नामांकित मॉडेलच्या हुबेहूब नकला मिळतात. त्या ओळखण्याचा माझा मार्ग एकच: तिचं सुटं पातं वेगळं विकत मिळतं का ते शोधा. खऱ्या कंपन्या सुटं पातं विकतात, नकला करणारे सहसा विकत नाहीत.

करवत सारखी अडकते, पातं वाकतं. माझं काय चुकतंय?

बहुधा तुम्ही ढकलताना जोर लावताय. घडीच्या करवतीचे दाते ओढताना कापतात. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणूनच ते इतकं पातळ करता येतं. ढकलताना त्याच पातळ पात्याला बाक येतो आणि एक दिवस ते मोडतं. आपल्याकडे सुताराची करवत पाहिलेली असते, तिच्यात जोर पुढे जाताना लावतात, म्हणून हाताला तशी सवय असते. इथे ओढताना जोर आणि परत नेताना हात अगदी सैल.

सुरुवातीला मुठीजवळच्या दात्यांनी दोन-तीन हलक्या ओढी देऊन खाच पाडा, मग पूर्ण लांबीने ओढा. दुसरा हात कापाच्या जवळ ठेवू नका; करवत उसळते तेव्हा डाव्या हाताचा अंगठा आणि मनगट सापडतं. त्या हातात जाड हातमोजा हवाच.

कापाच्या मध्यावर पातं चावलं गेलं तर फांदीचं वजन खाच मिटवत आहे असं समजा. जोर लावून ओढू नका. फांदी मोकळ्या हाताने किंवा सोबत्याकडून थोडी उचलून धरा, पातं सुटतं.

फांदी नेमकी कुठे कापायची?

या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे तिच्या बुडाशी एक फुगवटा असतो, सालीला वळ्या पडलेल्या असतात. आंब्यावर तो स्पष्ट दिसतो, काजूवर जरा शोधावा लागतो. ती कॉलर. ती फांदीची नसून खोडाची असते, आणि जखम बंद करणारी नवी साल तिथूनच वाढते. काप या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. फुगवट्यातून नाही, आणि त्यापासून वीतभर लांबही नाही.

आपल्याकडे दोन्ही चुका सर्रास दिसतात. खोडाला अगदी लागून, सपाट कापलं की दिसायला सुंदर दिसतं, पण कॉलरच निघून जाते आणि खोडाला मोठी जखम होते. उलट वीतभर खुंट ठेवला की तो वाळतो, कुजतो आणि ती कूज खुंटातून खोडात उतरते. काजूत वाळक्या खुंटापाशी खोडकिड्यालाही आयती वाट मिळते.

अमेरिकेच्या वन सेवेतले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते याचा अभ्यास केला. 1970 च्या दशकात त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आत भिंती उभ्या करून तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. कॉलर राखली तर त्या भिंती भक्कम होतात. हे एकदा समजलं की कोयत्याचा घाव झाडाचं काय करतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

मनगटापेक्षा जाड फांदी एकदम कापायची नाही, तीन काप घ्यायचे. पहिला काप खोडापासून साधारण 30 सेंटिमीटरवर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, शेंड्याच्या बाजूला, वरून पूर्ण. फांदी पडते आणि सोलणारी साल खालच्या कापापाशी थांबते. आता उरलेला खुंट हलका असतो. तो कॉलरच्या बाहेर तिसऱ्या कापाने काढायचा.

कुठल्या झाडाची छाटणी कधी?

काजूचा हंगाम मेच्या अखेरीस संपतो. तिथून पावसाचा जोर वाढेपर्यंत जी थोडी सवड मिळते ती हलक्या छाटणीची. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या तेव्हा काढा. पावसाळा सरल्यावर येणाऱ्या नव्या पालवीच्या टोकालाच मोहोर येतो, म्हणून ऑक्टोबरनंतर काजूला करवत लावली तर ते आपल्याच पिकावर चालवल्यासारखं. कलमी रोपाच्या खुंटावरून फुटणारे कोंब पहिल्या वर्षीच काढायचे आणि पहिल्या काही वर्षांत जमिनीपासून पाऊण ते एक मीटरपर्यंतचं खोड मोकळं ठेवायचं. पुढे वेचणी, गवत काढणं, खोडकिडा तपासणं सगळं सोपं जातं.

मानकुराद असो की मुसराद, आंब्याची हलकी छाटणी फळं उतरल्यावर लगेच. जुन्या, आभाळाला भिडलेल्या झाडाचं पुनरुज्जीवन करायचं असेल तर तो वेगळाच विषय आहे. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसांना झाड दाखवा आणि मगच हात लावा.

मिरवेल ज्या पांगाऱ्यावर किंवा गिरिपुष्पावर चढवली आहे त्याची छाटणी पावसाच्या तोंडावर करतात, म्हणजे पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दिवसांत वेलीला उजेड मिळतो. पांगाऱ्याला काटे असतात, हातमोजे विसरू नका. दोन्ही लाकडं मऊ, तिथे जाड दात्यांचं पातं झपाट्याने चालतं. भिरंडीच्या (कोकमाच्या) आतल्या दाट फांद्या विरळ केल्या तर पुरे. जायफळाला वाळकं काढण्यापलीकडे फारसं छाटू नये, मधला सरळ शेंडा तर मुळीच नाही.

पाऊस धो धो कोसळत असताना, मोडून लोंबकळणारी फांदी सोडली तर, काहीच छाटू नका.

कापलेल्या जागी काय लावायचं? डांबर चालेल?

डांबर, ऑइलपेंट, शेण यांतलं काही नको. शिगोंच्या अभ्यासातून हेही पुढे आलं की जखमेवर रंग फासल्याने कूज थांबत नाही. आपल्याकडे मात्र पावसाच्या तोंडावर केलेल्या मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट लावणं मला योग्य वाटतं, कारण त्यातलं तांबं बुरशीला रोखतं. मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर हे तिचं प्रमाण. घरगुती कामाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर पुरे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली वापरू नका, मोरचुदाची लोखंडावर प्रक्रिया होते. पोफळीच्या कोळेरोगासाठी फवारतात ते बोर्डो मिश्रण याच वस्तूंचं, पण त्यात पाणी 100 लिटर असतं. दोन्हींची गल्लत करू नका. अंगठ्याएवढ्या कापाला काहीच लावायची गरज नाही.

माड, पोफळ आणि बांबू यांना ही करवत चालेल का?

माडाच्या झावळीला नको. तिचे तंतू दात्यांत गुंततात. तिथे पाडेलीचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचा, कोयताच खरा. पोफळीची झावळी पिकली की आपसूक गळते. बांबूला बारीक दात्यांची करवत उत्तम. पेराच्या गाठीच्या अगदी लगेच वर कापा, म्हणजे उरलेल्या पोंग्यात पाणी साचून डास होत नाहीत.

फणसाचा आणि काजूचा चीक पात्याला बसतो. तो कसा काढायचा?

फणस चिरताना आपण हाताला आणि सुरीला खोबरेल लावतो, तेच इथे करा. काम सुरू करण्याआधी पात्याच्या दोन्ही अंगांना तेलाचं बोट फिरवा, चीक धरतच नाही. बसलेला चीक रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने भिजवलेल्या फडक्याने निघतो. दात्यांच्या बेचक्यांत जुना टूथब्रश चालवा. पात्याच्या मधल्या भागाकडून दात्यांकडे पुसायचं, दात्यांच्या ओळीवरून बोट कधीच फिरवायचं नाही.

स्वतःचीही काळजी घ्या. आंब्याच्या चिकाने कातडी भाजते. रानबिब्ब्याचा चीक तर फोड आणतो आणि तो डोळ्यात गेला तर फार वाईट. ओळखीचं नसलेलं झाड आधी जाणत्याला दाखवा. लांब बाह्यांचा शर्ट आणि चष्मा वापरा.

झाडाला रोग दिसत असेल, डिंक गळत असेल, फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, तर त्या झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसून घ्या. ब्लीचनेही जंतू मरतात, पण पातं गंजतं.

धार गेल्यावर कानस लावता येते का?

दात्यांची टोकं निळसर-काळी दिसत असतील तर नाही. ती विजेच्या साहाय्याने क्षणात तापवून कडक केलेली असतात, कानस त्यावरून नुसती घसरते. असं पातं वर्षानुवर्षं टिकतं आणि गेलं की बदलायचं, म्हणूनच सुटं पातं मिळणं महत्त्वाचं. टोकं निळसर नसतील तर बारीक कानशीने धार लावता येते, पण तीन बाजूंच्या जपानी दात्यांना ते किचकट काम आहे. लोहाराकडे नेणार असाल तर आधी त्याला दाते दाखवा.

पावसाळ्यात गंज कसा टाळायचा?

काम झालं की पातं पुसा, उन्हात किंवा चुलीच्या उबेला पाच मिनिटं वाळवा, खोबरेलाचा हलका हात फिरवा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम सुटतो. न्हाणीघराजवळ आणि मिठाच्या बरणीशेजारी तर नकोच.

झाडावर चढण्याआधी काय बघायचं?

विजेची तार. फांदी तारेच्या जवळ असेल तर करवत, कोयता, बांबूची आकडी काहीही लावू नका. ओली फांदी वीज वाहते. वीज खात्याला 1912 वर कळवा, पुरवठा बंद करून त्यांची माणसं कापतील. यात धाडस करणारे दर पावसाळ्यात जिवाला मुकतात.

मग फांद्यांत नीट बघा. पानं शिवून घर करणारे तांबडे मुंगळे, गांधीलमाश्यांचं पोळं आणि पावसाळ्यात हिरव्या पानांत मिसळून बसलेला चापडा हा विषारी साप, हे तिघे आपल्याकडे हमखास भेटतात. आकडीने फांदी हलवून थोडं थांबा. शिडी वर दोरीने बांधा, खाली एक माणूस ठेवा, तो फांदी पडेल त्या बाजूला नको. एकट्याने चढू नका.

स्वतःच्या जमिनीतल्या झाडाला परवानगी लागते का?

झाड तोडायला लागते. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, 1984 नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. 2016 मध्ये माडाला या कायद्याच्या व्याख्येतून वगळलं तेव्हा गोवाभर विरोध झाला आणि पुढे माड पुन्हा कायद्याच्या छत्राखाली आला. वाळक्या आणि बारीक फांद्यांची नेहमीची निगा वेगळी, पण मोठ्या फांद्या उतरवून झाड बोडकं करायचं असेल तर आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. सार्वजनिक रस्त्यावरच्या किंवा शेजाऱ्याच्या झाडाला परस्पर हात लावू नका.

चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या आरासीसाठी) रानातून फळांच्या डहाळ्या आणतो. त्यासाठी ही करवत चालेल?

चालेल, आणि आनंदाने सांगतो की तीच वापरा. माटोळीसाठी घाईत फांदी ओरबाडली जाते आणि पुढच्या वर्षी तिथे फळच नसतं. बारीक डहाळीला कात्री, जाडीला करवत, आणि एका झाडाची एक-दोनच डहाळ्या. वेल मुळासकट उपटू नका. अभयारण्याच्या हद्दीत मात्र काहीच तोडायचं नाही.

मोलेला किंवा नेत्रावळीला ट्रेकला जाताना पिशवीत ठेवली तर?

ठेवू नका. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातली शस्त्राची व्याख्या रुंद आहे. तिच्यात चाकूंचा उल्लेख आहे आणि प्राण्याला इजा करू शकेल असं कुठलंही साधन येतं. तपासनाक्यावर तुमचा हेतू चांगला होता हे पटवत बसण्यापेक्षा करवत घरी ठेवलेली बरी.

मुंबईहून विमानाने आणता येईल?

दाबोळी असो की मोपा, हातातल्या सामानात नाही. पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, खटका लावा आणि चेक-इनच्या बॅगेत तळाशी ठेवा.